रघूचा दम मी कसा मोजला

त्या शनिवारी मी आमच्या बेटाच्या उत्तरेला, गुडलँड्सला होतो. तिथल्या शाळेत दोन उंच पोरं आहेत, एकदा येऊन बघून जा, असा निरोप तिसऱ्यांदा आला, तेव्हा सकाळच्या बसने गेलो. पोरांची उंची मोजली, पंजे पाहिले, दोघांना मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चेंडू आपटत धावायला लावलं. एक बरा आहे आणि दुसऱ्याला नुसतीच उंची आहे, असा निकाल मनाशी देऊन मी बसथांब्यासमोरच्या चिनी दुकानात लिमोनाद पीत उभा होतो. गुडलँड्सला आलो की माझे निरोप याच दुकानात येतात, कारण जवळपास टेलिफोन तेवढाच. तो वाजला. दुकानदाराने ऐकून घेतलं आणि माझ्याकडे न बघताच फोन पुढे केला. पलीकडे आंत्वान होता, माझा जोडीदार. आम्ही दोघं मिळून रोझ हिलच्या मैदानावर बास्केटबॉल शिकवतो. तो एरवी फोनवर सुद्धा गाणं म्हणावं तसा बोलतो. त्या दिवशी इथल्या क्रिओल बोलीत तीनच शब्द बोलला, "रघू फिन मोर." रघू मेला. मी विचारलं, "कुठला रघू?" आमच्या दोघांच्या ओळखीत रघू एकच होता... तरी मी विचारलं. पुढे काय बोललो ते आठवत नाही. लिमोनादची बाटली हातात घेऊनच मी बसमध्ये चढलो, हे मात्र पोर्ट लुईला बस बदलताना लक्षात आलं.

वाटेत मी सगळे अपघात मनात घडवून पाहिले. मोटारीखाली आला असेल, विजेच्या तारेला हात लागला असेल. एकोणीस वर्षांचा, सहा फुटांवर दोन बोटं उंच मुलगा, तो असा बसल्या जागी कसा मरेल? रोझ हिलला पोचलो तेव्हा त्याला इस्पितळात नेलं होतं आणि मैदानाच्या पायरीवर आंत्वान चेंडू मांडीवर घेऊन बसला होता. त्याने जे सांगितलं ते असं. सराव चालू होता. रघू मधल्या रेषेपासून सुटला, दोघांना चुकवून आत घुसला आणि फळीला टेकवून चेंडू कडीतून खाली सोडला. मग नेहमीप्रमाणे एक गुडघा टेकून उजवा तळवा जमिनीला लावला आणि मान खाली घातली. आमच्या संघाचा तो रिवाजच होता, म्हणून बाकीचे नऊ जणही वाकले. नऊ जण उठले, रघू उठला नाही. "आणि आम्ही थांबलो," आंत्वान म्हणाला, "नमस्कार करणाऱ्याला मध्येच कोण हात लावणार?" आज हा जास्त वेळ प्रार्थना करतोय असं वाटून एक मुलगा पुन्हा वाकला म्हणे. किती वेळ थांबलो ते आंत्वानला सांगता येत नाही. मी त्याला चार वेळा विचारलं, शेवटी तो उठून घरी गेला.

या गोष्टीला आता महिना होऊन गेला. रघूबद्दल चार शब्द लिहा असं वर्तमानपत्राच्या मराठी पुरवणीच्या संपादकांनी सांगितलं, तेव्हा मी आधी नाही म्हणालो. मग हो म्हणालो. त्याचं कारण शेवटी येईल.

मला पोरांची पारख आहे असा माझा या बेटावर लौकिक आहे. होता, म्हणायला हवं. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात ही म्हण मी अक्षरशः खरी मानत आलो. कोवळ्या वयात मुलाच्या पावलाची लांबी बघायची, मनगटाचं हाड बघायचं, घरी जाऊन आईची उंची बघायची, आणि हा अठराव्या वर्षी कुठवर जाईल ते सांगून टाकायचं. माझ्याकडे एक जाड वही आहे. तिच्यात प्रत्येक मुलासाठी एक पान आणि पानावर रकाने: उंची, पंजा, पाय, नजर, दम, स्वभाव, आणि शेवटी 'पुढे'. त्या शेवटच्या रकान्यात मी एकच ओळ लिहीत असे आणि ती सहसा खोटी ठरत नसे. माझी बायको म्हणते, मुलीसाठी स्थळ बघायला गेलेला बापसुद्धा एवढं निरखत नाही. यात थोडा टोमणा होता, पण मी तो कौतुकात जमा करत आलो.

रघू मला दिसला तो साठ सालच्या सिक्लोननंतरच्या गणपतीत, लॉंग माउंटनला. वादळाने अर्ध्या गावाचे पत्रे उडवले होते, नवे पत्रे उन्हात चकाकत होते आणि गाव जिद्दीने नाचत होतं. आमच्या पणजोबांनी कोकणातून इथे ऊस तोडायला येताना जो नाच आणला त्याला आम्ही झाकरी म्हणतो, तुम्ही जाखडी म्हणत असाल. गडी रिंगणात शिरण्याआधी जमिनीला हात लावतात, तो कपाळाला लावतात आणि मग पाय टाकतात. मी नाच बघायला गेलो होतो असं लोकांना वाटे, मी खरं तर पाय बघायला जात असे. पण त्या दिवशी माझी नजर रिंगणाबाहेर गेली. चौदा वर्षांचा एक लांबोडका पोरगा भिंतीला टेकून झांज वाजवत बसला होता. आरती झाली, प्रसादाचे नारळ फुटले, आणि हा पठ्ठ्या बसल्या जागेवरून रिकाम्या करवंट्या अंगणाच्या पलीकडच्या पिंपात टाकायला लागला. मधून माणसं जात होती, पोरं पळत होती. एक करवंटी गेली, दुसरी गेली, सातवी गेली. पिंपाच्या काठालासुद्धा एक लागली नाही. मी जवळ जाऊन विचारलं, "उठून टाकायला काय झालं रे?" तो हसला आणि म्हणाला, "कशाला उठू, मिस्ये? हितनं जातंय की." आमच्याकडे पोरं मास्तरांना मिस्ये म्हणतात. मी घरी येऊन वहीत नवं पान काढलं. नजर: असामान्य. स्वभाव: आळशी, घालवता येईल.

पुढच्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो. बाप ऊसतोडीच्या तुकडीत होता, तो आधीच वारला होता. आई लोकांच्या मळ्यात भाजी खुरपायला जायची, आणि पाठची बहीण लीला तेव्हा नऊ-दहा वर्षांची. मी त्या बाईंना दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं आणि टेपने त्यांची उंची घेतली. त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. "अय्यो, गुरुजी, पोराला खेळवायचा हाय का मला?" मी मात्र गंभीर होतो. बाई उंच निघाल्या आणि माझं भाकीत पक्कं झालं. रघूला रोझ हिलच्या आमच्या कॉलेजात (इथे हायस्कुलालाच कॉलेज म्हणतात) घालतो, फी माफ करून घेतो, हा एक दिवस बेटाच्या संघात खेळेल, मी छातीवर हात ठेवून सांगितलं. चहा देताना त्या एवढंच म्हणाल्या, "ल्हानपणी तापानं लय दिवस निजून व्हता तो. जपून घ्या." कोणत्या आईने आपल्या मुलाबद्दल हे सांगितलं नाही? मी मान हलवली आणि चहा प्यायलो. ताप कसला, किती दिवसांचा, सांधे सुजले होते का, यातलं एक अक्षर मी विचारलं नाही. उंची मात्र अर्ध्या इंचापर्यंत लिहून आणली.

रघू सोळाव्या वर्षी मी सांगितलं होतं तेवढा उंच झाला, याचं श्रेय मी उघड घेत फिरलो. तो पहिल्यापासून एक गोष्ट करायचा. जोरात धावून झालं की गुडघा टेकून जमिनीला हात लावायचा आणि मान खाली घालून क्षणभर तसाच राहायचा. मला ते बघून भरून आलं. सिमेंटच्या मैदानावर, गोऱ्यांनी आणलेल्या खेळात, लॉंग माउंटनचा पोरगा झाकरीच्या गड्यासारखा भूमीला नमस्कार करतो! मी सगळ्या पोरांना गोळा करून व्याख्यानच दिलं. क्रिओल, तमिळ, मुसलमान, चिनी, सगळ्या जातींची पोरं होती. मी म्हणालो, ही जमीन आपल्याला खेळू देते, तिला विसरू नका, रघूकडून शिका. त्या दिवसापासून प्रत्येक धावेनंतर अख्खा संघ वाकायला लागला. दुसऱ्या शाळांची माणसं कौतुक करायची. रघू माझं व्याख्यान ऐकताना खाली बघून हसत होता. ते हसू मी विनय म्हणून वहीत टाकलं, आणि त्याच्या वर, दमाच्या रकान्यात लिहिलं: उत्तम. कारण पोरं धावून आली की तोंड उघडं टाकून धापा टाकत, कमरेवर हात ठेवून उभी राहत. रघूला मी कधी धापा टाकताना पाहिलं नव्हतं. वाकलेल्या माणसाचं तोंड दिसत नाही, एवढी साधी गोष्ट मला, पारखी माणसाला, पाच वर्षांत सुचली नाही.

त्याचा खेळ मात्र माझ्या मनासारखा नव्हता. तो लांब उभा राहायचा, चेंडू आला की जागच्या जागी उडी न मारता हात वर करून टाकायचा, आणि दहातले सात पडायचे. आंत्वान खूश होता. तो पेशाने शिंपी आहे, त्याचं म्हणणं, कापड जसं पडतं तसं पडू द्यावं. "लेस ली," तो मला म्हणायचा, असू दे त्याला. पण मी हिशेबी माणूस. लांबून टाकलेल्या चेंडूला दोन गुण आणि कडीखालून टाकलेल्यालाही दोनच, मग एवढ्या उंच पोराने लांब उभं का राहायचं? बेटाच्या संघात धिप्पाड गडी असतात, ते समोर हात आडवा धरतील तेव्हा हा काय करेल? शेजारच्या रेयुनियन बेटावर सामने खेळायला जाणाऱ्या संघासाठी माझ्याकडून नावं मागितली गेली, तेव्हा मी रघूला बोलावून वही उघडून दाखवली. 'पुढे' च्या रकान्यात लिहिलं होतं: आत घुसायला शिकला तर बेटाचा संघ, नाहीतर गावचा खेळाडू. त्याने ती ओळ वाचली. तोवर तो पोस्टात चिकटला होता, आईला मळ्यात जाऊ देत नव्हता, आणि रेयुनियनसाठी त्याने साहेबाकडे रजेचा अर्जही देऊन ठेवला होता. म्हणाला, "मिस्ये, लांबनं पडतोय तर आत कशाला जायचं?" मी म्हणालो, "घाबरतोस." दोन दिवस तो सरावाला आला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि धावला... असा धावला की आंत्वानही टाळ्या वाजवायला लागला. मी त्याचं नाव यादीत पहिलं घातलं.

हे सगळं शेवटच्या तीन महिन्यांतलं. रोज संध्याकाळी वीस वेळा मधल्या रेषेपासून कडीपर्यंत, हा नेम मी घालून दिला होता. आमची शेवटची भेट तो गेला त्याच आठवड्यातल्या गुरुवारची. वीस धावा संपवून तो वाकला आणि उठला तेव्हा त्याचे ओठ निळसर काळे दिसले. मी थट्टेने म्हणालो, "जांभळं खाऊन आलास का रे?" तो म्हणाला, "हो मिस्ये, येताना झाडाखाली पडली व्हती." मी म्हणालो, एकटाच खातोस, मास्तराला आणत नाहीस. तो म्हणाला, शनिवारी आणतो. शनिवारी मी गुडलँड्सला दुसऱ्या पोरांचं भविष्य सांगायला गेलो.

इस्पितळातले डॉक्टर तरुण होते, शांतपणे बोलत होते. लहानपणीच्या सांध्यांच्या तापाने हृदयाची एक झडप अरुंद झालेली होती. असा माणूस हळू चालतो, उभ्याने काम करतो, तर कित्येक वर्षं जगतो. जोरात धावला की फुप्फुसात रक्त तुंबतं, ओठ निळे पडतात, श्वासासाठी वाकावं लागतं. "त्याच्या छातीला नुसता कान लावला असता तरी आवाज आला असता," ते म्हणाले, "कुणी लावला नाही?" मी पंजा मोजला होता, मनगट मोजलं होतं, आईला चौकटीला लावून मोजलं होतं. कान लावला नव्हता. इस्पितळाबाहेर मी भर दुपारी रस्त्याच्या कडेला बसलो आणि ओक्साबोक्शी रडलो. लाज वाटली नाही, लाजेच्या पुढचं काहीतरी होतं ते.

तेराव्याला गर्दी होती, बोलणं झालं नाही. गेल्या रविवारी पुन्हा गेलो. त्यांच्या घरात रघूचा पोस्टातला कोट खुंटीला तसाच होता. आईने चहा दिला, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, एक इचारू? डॉक्टरानं त्या तापाच्या टायमालाच सांगितलं व्हतं, याला धावू देऊ नका. मी त्याला म्हटलं, मिस्येला हे सांग, तरच खेळ. तो म्हणाला, सांगितलंय. म्हणायचा, मिस्ये मला उभाच ठेवतात, लांबनं टाकायचं काम दिलंय, धावायचं काम दुसऱ्यांना. त्यो खरं बोलायचा न्हवं? तुमी त्याला उभाच ठेवत व्हता न्हवं?" डोळे माझ्यावर होते. रागाने नाही... त्या माझ्याकडे आधार मागत होत्या. आपला मुलगा खोटं बोलून गेला नाही आणि आपण त्याला मरायला पाठवलं नाही, एवढाच आधार. मी म्हणालो, "होय. उभाच ठेवत होतो." त्यांनी डोळे मिटले आणि पदराने पुसले. म्हणाल्या, "मग देवाचीच मर्जी."

तिथे बसवेना म्हणून मी उठून परसात गेलो. लीला मागोमाग आली. ती आता पंधरा वर्षांची आहे, भावासारखी उंच. तिने मला फणसाच्या झाडाशी नेलं. फणसाच्या बुंध्याला पिंपाची लोखंडी कडी ठोकलेली होती, बरोब्बर दहा फूट उंचीवर. मला हे ठाऊकच नव्हतं. "दादा रोज हितं टाकायचा, कामावर जायच्या आधी. मी झाडाखालनं चेंडू परत फेकायची," ती म्हणाली. मी सवयीने खाली बघितलं. कडीपासून लांब, अर्ध्या वर्तुळात, पाच ठिकाणी गवत मरून जमीन गुळगुळीत झाली होती, पावलाएवढ्या पाच जागा. इतकी वर्षं तो त्या पाच जागांवर उभा राहिला होता. आणि त्या जागांपासून झाडाच्या बुंध्यापर्यंत गवत गुडघ्याएवढं वाढलेलं, हिरवंगार, कुणाचंही पाऊल न पडलेलं. जगता येईल असा खेळ त्याने स्वतःचा स्वतः शोधून काढला होता आणि तो त्याला येत होता, दहात सात वेळा. लीला म्हणाली, "दम लागला की बसायला लाज वाटायची त्याला, म्हणून हात टेकायचा. मंग तुमी समद्यांनाच वाकायला लावलं. घरी येऊन लय हसला. म्हणाला, आता बरं झालं, मी एकटाच न्हाय दिसत." मी तिला विचारलं, शेवटच्या तीन महिन्यांचं आईला सांगितलं का? तिने नाही म्हणून मान हलवली. "मी सांगनार न्हाय. तुमी सांगा."

त्या दिवशी मी परत घरात गेलो नाही. परसातूनच बसथांब्यावर आलो, चोरासारखा. पण ही पुरवणी लॉंग माउंटनच्या बैठकेत, म्हणजे गावची मंडळी जमतात त्या घरात, जाते. रघूच्या आईला वाचता येत नाही, लीला त्यांना मोठ्याने वाचून दाखवते, हे मला माहीत आहे. म्हणून लिहायला हो म्हणालो. लीला, पुढचं सावकाश वाच.

वहिनी, मी रविवारी तुमच्याशी खोटं बोललो. रघू शहाणा होता, तो उभाच राहत होता. मी त्याला भित्रा म्हटलं आणि धावायला लावलं. रोज वीस वेळा.